जोडसायकलचा मागचा एक्सल

जयसिंगपूर,
५ नोव्हेंबर २०२४

गैबीभाऊ, जय भीम.
नजीराला आठवण सांगा.

हे पत्र सायकलीबरोबरच तुमच्या हाती पडेल. आमच्या गल्लीतला बाळासो भाजीचा टेम्पो घेऊन कोल्हापूरच्या मार्केटला येतो, त्यानं जोडसायकल कोबीच्या पोत्यांवर आडवी घातली आणि "आत्या, नवरीसारखी पोचवतो," म्हणाला. चेनीत एखादं पान अडकलं असलं तर समजून घ्या.

आठ वर्षांपूर्वी काचबिंदूनं यांची नजर गेली, तेव्हा तुम्ही माझी लेडीज सायकल आणि यांची जुनी विलायती सायकल कापून, जोडून ही एक केलीत. पुढं मी, मागं हे. पहिल्यांदा निघालो तेव्हा लोक दुकानातून बाहेर येऊन हसले होते. आता कुणी वळूनही बघत नाही, उलट एखादा दिवस दिसलो नाही तर विचारतात. कारखान्यात हे फिटर होते ते तुम्हाला माहीतच आहे. नजर गेली तरी हात आणि कान शाबूत. उदगाव-अंकलीपर्यंतच्या मळ्यांतून यांना विहिरीवरची मोटर 'ऐकायला' बोलावतात. हे कान लावतात, कुठलं बेअरिंग गेलं ते सांगतात आणि चहा घेऊन परततात. मी आरोग्यसेविका म्हणून आयुष्यभर गावोगाव सायकलनंच फिरले, त्यामुळं रस्ता मला पाठ. दिवस चांगले गेले, गैबीभाऊ. तुमच्यामुळं गेले. हे तोंडावर कधी म्हटलं नाही, म्हणून लिहून टाकते.

आता दुखणं. मागच्या पायडलांच्या मधून कटकट आवाज येतो. मला तो परवा ऐकू आला, यांना दसऱ्यापासून येतोय. यांचं निदान असं की बेअरिंगचे छर्रे फुटलेत आणि ते जिच्यात फिरतात ती वाटी खाल्ली गेलीय. "गैबीशिवाय कुणी हात लावायचा न्हाय," असा हुकूम आहे.

फोन का केला नाही म्हणाल. एक तर सायकलींच्या रिमा ठोकून ठोकून तुमच्या कानांचं काय झालंय ते तुम्हीच जाणता. दुसरं, आमच्या घरात फोन एकच, आणि आमच्या अतुलनं तो बापासाठी बोलका करून दिलाय. आलेला प्रत्येक मेसेज फोनच घरभर वाचून दाखवतो. बचत गटातल्या बायकांची भांडणं यांना माझ्याआधी कळतात. त्यापेक्षा कागद बरा.

सहा डिसेंबरला आम्ही विहारात सायकलवरूनच जातो. तोवर झाली तर बरं, असं हे म्हणतात. घाई करू नका, असं मी म्हणते.

तुमची
प्रियदर्शनी कुरणे


मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ नोव्हेंबर २०२४

प्रियदर्शनीवहिनी, सलाम. भाऊसोला जय भीम.

सायकल पोचली. कोबीचं पान नव्हतं, मेथीची अख्खी जुडी होती, ती नजीरानं मुकाट्यानं आत नेली. बाळासोला सांगू नका.

भाऊसोचे कान म्हणजे कान. मागची बाजू उघडली आणि छर्रे हातावर घेतले तर निम्म्यांचा भुगा. दोन्ही वाट्यांना खड्डे. एक्सलवरून बोट फिरवलं की नख अडकतंय. तुम्हाला वाटेल, त्यात काय, एक एक्सल, दोन वाट्या आणि मूठभर छर्रे नवे घातले की झालं. पुढच्या बाजूला असतं तर बाळासो भाजी विकून परत येईपर्यंत करून दिलं असतं. पण मागचा सांगाडा विलायती. त्याचे आटे बारीक आणि आपल्याकडच्या वाटीचे जाड. नवी वाटी दोन फेरे आत जाते आणि अडते. जोर केला तर सांगाड्याचे आटे मरतात, मग सायकल भंगारात. एका दुकानदारानं मला सल्ला दिला, ठोकून बसवा की. त्याचा चहा मी न पिता उठलो. कोल्हापुरात माणूस चहा सोडून उठतो म्हणजे किती संतापला असेल ते ओळखा.

शहरातली जुनी दुकानं पालथी घातली. इचलकरंजीला जाऊन आलो, मिरजेला निरोप धाडला. सगळे वाटी हातात घेतात, उजेडात धरतात, "आता कुठं मिळायची!" म्हणतात आणि परत देतात. उद्यमनगरातल्या एका लेथवाल्यानं हौसेनं नवी वाटी कातून दिली. आटे झकास बसले. पण लोखंड मऊ. कडक व्हावी म्हणून पाणी द्यायला भट्टीत घातली तर तडकली. त्याला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

तरी मी सोडत नाही. भाऊसो या पेठेत भाड्यानं राहायचा तेव्हा आम्ही दोघं तालमीच्या टीममधून फुटबॉल खेळलो. मी फॉरवर्ड, तो हाफला. माझ्या गोलांची आठवण पेठेतली म्हातारी मंडळी अजून काढतात. बॉल माझ्या पायात कुणी आणून दिला हे कुणी विचारत नाही, आणि त्या गड्यानंही कधी सांगितलं नाही. त्याची सायकल मी अशी उघडी पडू देणार आहे होय?

थोडा धीर धरा.

तुमचा
गैबी शिकलगार


जयसिंगपूर,
१७ नोव्हेंबर २०२४

गैबीभाऊ,

मागचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. फुटबॉलचं ऐकून हे दिवसभर खुशीत होते. हे पत्र मात्र यांना ठाऊक नाही. विजेचं बिल भरायला जाते म्हणून बाहेर पडलेय आणि पोस्टाच्या बाकावर बसून लिहितेय.

वाट्या शोधू नका. मिळत नाहीत असं कळवा.

रागावू नका, आधी ऐकून घ्या. माझे गुडघे गेलेत. मिरजेच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून दाखवला. हाडावर हाड घासतंय. चढावर जोर द्यायचा नाही, पायडल मारत राहायचं नाही, असं त्यांनी बजावलं. उतरताना मला हँडलला धरून थोडा वेळ उभं राहावं लागतं, ते यांना दिसत नाही हे एका परीनं बरंच आहे. आठ वर्षं मी पुढं बसून दोघांचं वजन ओढलं. तक्रार म्हणून नाही सांगत. मला ते आवडायचं. नोकरीत सगळ्या गावांची बाळंतपणं ओढली, तसं हेही. पण आता होत नाही.

हे यांना सांगू कसं? मी थकले म्हटलं की हे त्याच दिवशी खाटेवर बसतील आणि 'मला कुठं जायाचंच न्हाय' म्हणतील. मग मोटरी ऐकणं संपलं, मळ्यातला चहा संपला, माणूस चार भिंतींत. आणि ते माझ्या पायांमुळं. म्हणून दोष सायकलीवर जावा असं मला वाटतं. वाटी मिळत नाही म्हटलं की कुणाचंच काही चुकलं नाही. मग हळूहळू रिक्षाची सवय लावीन. दुसऱ्या कुणी सांगितलं तर हे मानणार नाहीत, तुम्ही सांगितलं तर मानतील.

तुम्ही इतकी वणवण केलीत आणि मी हे असलं मागते. लिहिताना मला लाज वाटतेय. तरी मागते.

प्रियदर्शनी


मंगळवार पेठ,
२६ नोव्हेंबर २०२४

वहिनी,

तुमचं पत्र वाचलं आणि दुकानात माझं लक्ष लागेना. शेवटी नजीराला सांगितलं. बायकोपासून लपवायचं म्हणजे मांजरापासून दूध लपवायचं. ती म्हणाली, "तुमास्नी खोटं बोलाय कुठं येतंय? पयल्याच वाक्याला भाऊसो धरतील." हे खरं आहे. पण अडचण एवढीच नाही.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी सकाळी वाट्या मिळाल्या होत्या.

कसबा बावड्यात शालूबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत. त्यांचे मालक गणपतराव यांच्याकडं तसलीच विलायती सायकल होती, असं मला एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं सांगितलं. गेलो. गणपतराव जाऊन खूप वर्षं झाली. सायकल परसात भिंतीला टेकून उभी, आणि तिच्यावर घेवड्याचा वेल चढलेला. सीटवर शेंगा, हँडलवर शेंगा. मी काय पाहिजे ते सांगितलं, कुणासाठी तेही सांगितलं. शालूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "न्या की. पर माझा वेल हालता कामा न्हाय." मग मी या वयात चिखलात उताणा झोपून, खालून, वेलाचं एक पान न तोडता वाट्या आणि एक्सल काढला. आतलं ग्रीस वाळून मेण झालेलं, पण वाट्या आरशासारख्या. काय घ्यायचं म्हटलं तर म्हणाल्या, "सायकल झाली की दोगांस्नी हिकडनं एकदा न्या. घंटी वाजवाय सांगा. ह्यांची सायकल चालतीया म्हनून माझ्या कानांस्नी कळू दे."

आता तुम्ही मला सांगा, या बाईला मी काय कळवू?

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. ती लिहू की नको यात इतके दिवस गेले. तुमची पुढची पायडलं आणि मागची पायडलं जोडणारी एक लहान चेन आहे. तिची एक दातेरी चाकी पुढं, एक मागं. पुढचा माणूस ओढत असेल तर चेन पुढच्या चाकीच्या दातांना सरळ बाजूनं घासते. पुढचे पाय नुसते फिरत असतील आणि मागचाच सगळं ओढत असेल, तर ती त्याच दातांना उलट्या बाजूनं घासते. यात चूक व्हायला जागा नाही. तुमच्या पुढच्या चाकीचे दात उलट्या बाजूनं झिजलेत. तेही थोडेथोडके नाहीत, पार वाकडे झालेत. सरळ बाजू थोडीशी घासलेली आहे, ती सुरुवातीच्या दिवसांची असणार.

मी चष्मा पुसून परत बघितलं. वहिनी, तुम्ही भाऊसोला ओढत नाही. गेली कित्येक वर्षं तो तुम्हाला ओढतोय, वर तुमचे पायही तोच फिरवतोय. मागचा एक्सल उगाच नाही खाल्ला गेला. तुमचे गुडघे दुखतात ते खोटं नाही. पायडल फिरलं की गुडघा वाकणारच, जोर कुणाचाही असो. पण दोघांचं वजन तुमच्या पायांवर नाही.

याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मिळत नाही असं कळव म्हणालात तर कळवीन, आणि भाऊसोसमोर यायचं टाळीन.

गैबी


जयसिंगपूर,
२ डिसेंबर २०२४

गैबीभाऊ,

तुमचं पत्र वाचून आधी मला तुमचाच राग आला. दातांवरून माणसाची झडती घ्यायला तुम्ही कोण, असं वाटलं. मग आठवायला बसले. अंकलीच्या पुलाचा चढ मला पहिली काही वर्षं जड जायचा. पुढं पुढं तो हलका लागायला लागला. मला वाटायचं, सवय झाली. साठी उलटलेल्या बाईचे दुखरे गुडघे दर वर्षी बळकट होतायत, यात मला काही वावगं वाटलं नाही. हसायला येतं आता.

काल दुपारी हे शेंगा फोडत बसले होते. मी समोर बसले आणि विचारलं, सायकल कोण ओढतं. हे म्हणाले, तू. मी दातांचं सांगितलं. शेंगा फोडायचे हात थांबले. फिटर माणूस, त्यांना पुढचं समजावायला लागलं नाही. म्हणाले, "चढावर तू श्वास धरायचीस. श्वास धरला की गुडघा दुखतोय, हे मला कळायचं. मग म्या जोर वाढवला."

सांगितलं का नाही, म्हणून मी विचारलं. तर म्हणाले, "सांगितलं असतं तर तू फुडं बसली नसतीस. आणि तू मला नेतीस, ह्यात मला काय वंगाळ वाटत नव्हतं. बरं वाटायचं."

मी रडले, गैबीभाऊ. लपवायचं कशाला. आठ वर्षं मी मनातल्या मनात या माणसाला उचलून धरल्याचा मान घेत होते. कधी कुणी कौतुक केलं की 'करावं लागतं हो' म्हणत होते, आणि हे मागं बसून गालात हसत असतील. मग मी तुम्हाला काय करायला सांगितलं होतं तेही कबूल केलं. हे रागावले नाहीत. एवढं हसले की शेंगांचं सूप कलंडलं. "गैबी आणि खोटं? त्याला ऑफसाइडला असताना रेफरीकडं बघवायचं न्हाय," म्हणाले.

तुमचे उपकार मानायला मला शब्द नाहीत, असं लिहिणार होते, पण शब्द आहेत. वाट्या शोधल्याबद्दल आभार. मी नको म्हटल्यावरही खरं लिहिल्याबद्दल त्याहून जास्त आभार. तुम्ही माझं ऐकलं असतंत तर हे मला कधीच कळलं नसतं, आणि मी यांना रिक्षात बसवून स्वतःला शहाणी समजले असते.

सायकल करा. शालूबाईंच्या वाट्या घाला. सहा तारखेला आम्ही हात धरून चालत जाऊ, विहार काही पळून जात नाही. माझ्या गुडघ्यांचं काय करायचं ते मात्र आम्हा दोघांनाही सुचलेलं नाही. हे म्हणतात, तू पाय वर घेऊन बस. पण पायडलं फिरत राहतात, पाय ठेवू कुठं?

तुमची
प्रियदर्शनी


मंगळवार पेठ,
२० डिसेंबर २०२४

वहिनी आणि भाऊसो, दोघांना सलाम. हे पत्र मोठ्यानं वाचा.

सायकल तयार आहे. शालूबाईंच्या वाट्या अशा बसल्या की शेवटचा आटा मी बोटांनी फिरवला, पाना लावलाच नाही. एक्सलही त्याच जोडीचा. छर्रे नवे, दोन्ही बाजूंना एकाच पाकिटातले. क्रँक हातानं फिरवून सोडली तर नजीरा चहा घेऊन आली तरी फिरतच होती. नजीरा म्हणाली, हिला थांबवा, मला चक्कर येतीया.

आता वहिनींच्या प्रश्नाचं. पाय ठेवू कुठं, हे वाचलं आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. आठ वर्षांपूर्वीच सुचायला पाहिजे होतं. मागच्या चाकाला जसं फ्रीव्हील असतं, पायडल थांबवलं तरी चाक पळत राहतं, तसंच एक फ्रीव्हील वहिनींच्या पुढच्या पायडलाला बसवलंय. तो उद्यमनगरचा लेथवाला आठवतो? त्याची वाटी तडकली होती, त्या जिद्दीनं त्यानं फ्रीव्हील आणि पायडल जोडणारी मधली कडी कातून दिली. झिजलेली चाकी काढून नवी घातली. आता भाऊसोनं मागं कितीही मारलं तरी वहिनींचे पाय जिथल्या तिथं थांबतील. मारावंसं वाटलं तर मारता येईल, तेवढा जोर लागू पडेल. नुसतं बसलात तर पुढून टिकटिक ऐकू येईल. घाबरू नका, ते दुखणं नाही.

बाळासोच्या टेम्पोतून या, सायकलवर बसून बावड्याला जा, घंटी वाजवा, मग सायकल टेम्पोत चढवा. नजीरा जेवायला थांबवणार आहे. मेथीचं तिच्यावर ओझं आहे.

गैबी


जयसिंगपूर,
८ जानेवारी २०२५

गैबी,

अक्षर बघून दचकू नको. मी भाऊसोच. कागदावर फूटपट्टी धरून लिहितोय. एखादी ओळ दुसरीवर चढली असली तर दोन्ही वाच. ही बचत गटाच्या मीटिंगला गेलीय. पत्र बाळासोच्या हातात देणार आहे.

बावड्याला काय झालं ते तुला नजीरावहिनीच्या जेवणानंतर सांगायचं राहिलं. जेवण जास्त झालं होतं. आम्ही शालूबाईंच्या दारात गेलो आणि हिनं घंटी वाजवली. आत भांडी घासायचा आवाज होता, तो थांबला. शालूबाई बाहेर आल्या, त्यांची पावलं दाराशीच थांबली. आधी मला वाटलं, गेल्या की काय आत. मग खाली बसल्याचा आवाज आला आणि मागच्या पायडलाजवळ त्यांचा हात आला. म्हणाल्या, "फिरवा." मी पायडल उलटं फिरवत राहिलो. त्या ऐकत बसल्या. उठताना माझ्या खांद्याला धरून उठल्या आणि म्हणाल्या, "चांगली हाय. चालवा." घेवड्याच्या शेंगा पदरभर दिल्या. परसातली सायकल वेलासकट तशीच उभी आहे, असं ही म्हणाली.

तुझे आभार मानायचे तर कुठल्या कुठल्या गोष्टीचे मानू? नजर गेली तेव्हा मी संपलो होतो. तू दोन सायकली कापून मला परत रस्त्यावर आणलास. तेव्हाही तू काही बोलला नव्हतास, आताही हिला सांगायचं तेवढंच सांगितलंस. माझं आयुष्य तुझ्या वेल्डिंगवर उभं आहे, गड्या. एवढं एकदा लिहू दे.

आता खरं पत्र. तुझ्या वाट्यांचा आवाजच येत नाही. आधीच्या कटकटीत दुसरं काही ऐकू यायचं नाही, आता सगळं येतं. ही पाय थांबवून बसली की फ्रीव्हील टिकटिक करतं. सपाटीला सारखी टिकटिक. मला बरं वाटतं, बसलीय निवांत. पण अंकलीच्या पुलाचा चढ लागला की टिकटिक थांबते. रोज थांबते. चढ संपला की परत सुरू. डॉक्टरांनी नको सांगितलंय, मी नको सांगितलंय, तरी बाई चढावर गुपचूप पाय लावते. मी एकदा विचारलं, मारतीस काय, तर म्हणाली, छे, मी नुसती बसलेय.

चढावर मी थोडा जादा जोर लावतो, म्हणजे तिच्या वाट्याला कमी येतो. तिला वाटतं मला कळत नाही.

नवी चाकी घातली आहेस, ती कधीतरी उघडशील तेव्हा दात बघ. या खेपेला सरळ बाजूनं झिजलेले असतील. तेव्हा मला पत्र लिहू नको, वाचून दाखवायला तीच आहे. तू आपला गप ग्रीस भर.

तुझा
भाऊसो